दवाखान्याचं दार कुणाच्या अंगणात?



आपल्या मालिकेत आजवरचे बहुतेक भाग लढायांचे, किल्ल्यांचे आणि सेनापतींचे झाले. आजचा भाग दवाखान्यांचा आहे. आदिवासी माणसाचं मन आजारी पडलं तर या देशानं त्याच्यासाठी काय केलं, हा प्रश्न घेऊन आपण गेल्या दीडशे वर्षांतून एक फेरी मारणार आहोत. रांचीपासून निघू, बस्तर, अमृतसर आणि नायजेरिया करू, गडचिरोलीत जरा जास्त वेळ थांबू आणि शेवटी दिल्लीला येऊ. मी सध्या नोएडात राहतो, त्यामुळे शेवटचा मुक्काम माझ्या घराच्या आसपासचाच आहे.

फौजी माणसानं हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. मी मूळचा चांद्याकडचा. माझ्या शाळेच्या दिवसांत गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. जंगलापलीकडची गोंड आणि माडिया माणसं बाजाराच्या दिवशी आमच्याकडे येत, मीठ-कापड घेत आणि अंधार पडायच्या आत निघून जात. पुढे नोकरीत मुंडा, उरांव, संथाल जवानांबरोबर अनेक वर्षं काढली. ही माणसं शरीरानं काटक असतात, हे सगळेच सांगतात. त्यांच्या मनाचं काय चाललंय, हे विचारणारे मात्र मी फार थोडे पाहिले.

पाठवण्याची जागा

आपल्या बोलण्यातली एक गंमत बघा. पुण्यात कुणी वेड्यासारखं वागलं की म्हणतात, 'याला येरवड्याला पाठवा.' मुंबईकर ठाण्याचं नाव घेतो. हिंदी मुलखात आग्रा किंवा रांची म्हणतात आणि दिल्लीत शाहदरा. गावाचं नाव हीच शिवी झाली आहे. आणि सगळीकडे क्रियापद एकच आहे, पाठवणे. या ठिकाणी माणूस स्वतःहून जात नाही, त्याला पाठवलं जातं.

हे उगाच झालेलं नाही. १८५८ मध्ये, म्हणजे कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आलं त्याच वर्षी, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. त्यानंतर १९१२ चा कायदा आला, आणि तो जवळजवळ ऐंशी वर्षं टिकला. या कायद्यांचा सगळा भर माणसाला आत कसं ठेवायचं यावर होता. दंडाधिकाऱ्याचा हुकूम, उंच भिंत, कुलूप आणि गणती. तुरुंगाची आणि वेड्यांच्या इस्पितळाची रचना जवळपास सारखी, कारण बांधणाऱ्यांच्या डोक्यात दोन्हीचा हेतू सारखाच होता.

आता रांचीकडे या. हा मुंडा आणि उरांव लोकांचा मुलूख. इथेच बिरसा मुंडानं उलगुलान पुकारलं आणि इथल्याच तुरुंगात ९ जून १९०० रोजी, वयाच्या जेमतेम पंचविशीत, त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर अठरा वर्षांनी, १७ मे १९१८ ला, रांचीजवळ कांके इथे मनोरुग्णांचं एक मोठं रुग्णालय उघडलं. ते होतं गोऱ्यांसाठी आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी. ओवेन बर्कली-हिल हे त्याचे गाजलेले अधीक्षक. त्या काळात युरोपात जे नवं होतं ते त्यांनी तिथे आणलं, अगदी फ्रॉइडच्या विचारांसकट. हिंदी लोकांसाठी शेजारीच दुसरं रुग्णालय निघालं १९२५ मध्ये, आणि पाटण्याच्या जुन्या इस्पितळातले रुग्ण तिकडे हलवले गेले.

दोन्ही संस्था आजही चालू आहेत आणि मोठं काम करतात. माझा मुद्दा जन्माच्या वेळचा आहे. आदिवासी मुलखाच्या मधोमध दोन मोठी मनोरुग्णालयं उभी राहिली, पण त्यांचं दार त्या मुलखाकडे नव्हतं. शेजारच्या टोल्यावरच्या मुंडा बाईला रात्री झोप येत नसेल, तर ती कुठे जात होती? ती तिच्या देवाच्या माणसाकडे, पाहानाकडे किंवा ओझाकडे जात होती. कारण तो तिची भाषा बोलत होता, तिच्या घरचे मेलेले कोण हे त्याला ठाऊक होतं आणि तो तिला कुलपात ठेवत नव्हता.

एल्विन आणि शंभर खून

आदिवासींच्या दुःखाकडे दुःख म्हणून बघायचा एक जुना प्रयत्न आपल्या चांद्याच्या शेजारी, बस्तरमध्ये झाला. करणारा डॉक्टर नव्हता. व्हेरिअर एल्विन हा इंग्रज गृहस्थ मिशनरी म्हणून भारतात आला, गांधीजींच्या जवळ गेला, मग चर्च सोडून गोंडांच्या गावात राहिला. १९४३ मध्ये त्याचं एक पुस्तक आलं, बस्तरच्या माडियांमधल्या खून आणि आत्महत्यांवरचं. खुनाची शंभर आणि आत्महत्यांची पन्नास प्रकरणं त्यानं तपासली.

सरकारी कागदांवर ही नुसती गुन्ह्यांची प्रकरणं होती. एल्विननं त्यांच्यामागे काय आहे ते पाहिलं. दारू, थकवा, घरातली भांडणं, आणि कुणीतरी आपल्यावर जादू केली आहे ही भीती. यातला थकवा वाचून मी थांबलो होतो. दिवसभर शेतात किंवा जंगलात राबून, उपाशीपोटी घरी आलेला माणूस एका शब्दावर भडकतो आणि हातात कुऱ्हाड असते. न्यायाधीशाला त्यात खुनी दिसतो. लांब पल्ल्याची गस्त संपवून परतलेली तुकडी ज्यानं पाहिली आहे, त्याला त्यात थकलेला माणूसही दिसतो.

स्वातंत्र्यानंतर एल्विन भारताचा नागरिक झाला. १९५४ पासून त्यानं ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या प्रशासनाला सल्ला दिला. आदिवासींनी आपल्या स्वभावधर्मानुसार वाढावं, बाहेरून त्यांच्यावर काही लादू नये, हे सूत्र नेहरूंनी एल्विनच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मांडलं. एल्विनचा शेवट मात्र १९६४ मध्ये इथे दिल्लीत झाला. त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली. आदिवासींना जगापासून तोडून ठेवू पाहतो, असा आरोप झाला. त्या वादात आज शिरत नाही. एवढंच म्हणतो, की शाळा, जमीन आणि जंगल यांबद्दल ते सूत्र निदान बोललं तरी गेलं. मनाच्या उपचारांपर्यंत ते बराच काळ पोहोचलंच नाही.

फौजेचा धडा

आता थोडं माझ्या घरच्या मैदानावर. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर तोफांच्या भडिमारानं हजारो सैनिकांची मनं कोलमडली. त्याला 'शेल शॉक' म्हणत. सुरुवातीला त्यांना बोटीनं इंग्लंडला, लांबच्या रुग्णालयांत पाठवलं. त्यातले बरेच पुन्हा धड झालेच नाहीत. मग फ्रेंच आणि ब्रिटिश डॉक्टरांनी त्यांना आघाडीच्या जवळच ठेवून उपचार सुरू केले, आणि १९१७ मध्ये थॉमस सॅल्मन या अमेरिकन डॉक्टरानं ती पद्धत अभ्यासून आपल्या फौजेत नेली. तिची तीन सूत्रं जगभरच्या सैन्यांत पुढे रुजली. जवळ, लगेच, आणि 'तू बरा होऊन आपल्या माणसांत परत येणार आहेस' हा भरवसा.

मी हे पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या युनिटमध्ये खुंटीकडचा एक मुंडा जवान होता. वडील वारले म्हणून सुट्टीवर गेला आणि वेळेवर हजर झाला. पण त्यानंतर जेवण सुटलं, झोप उडाली. रात्री वडील तंबूबाहेर उभे आहेत, असं म्हणायचा. आरएमओ, म्हणजे युनिटचे डॉक्टर, चांगले होते. त्यांनी तपासलं, झोपेचं औषध दिलं आणि चार दिवस बघू म्हणाले. नाहीतर बेस हॉस्पिटल, तिथून पुढे मनोविकार विभाग, आणि पुढच्या नोकरीवर कायमचा शिक्का.

त्या चार दिवसांत त्याच्याच समाजाचे एक सुभेदार साहेब त्याच्याजवळ बसले. त्यांनी आम्हाला सांगितलं ते असं. मुंडा समाजात माणूस गेला की त्याची छाया बाहेर फिरत राहते. ठरावीक विधी करून ती छाया परत घरात आणतात, आणि ते पूर्वज मग घरातच राहतात. त्या विधीला 'उंबुल आदेर' म्हणतात. या पोराची सुट्टी विधीच्या आधीच संपली. मुलगा हजर नसताना बाप घरात कसा येणार, हा त्याचा घोर होता. सीओ साहेबांनी पंधरा दिवसांची सुट्टी मंजूर केली. तो गेला, विधी केला, परत आला आणि पुढे पूर्ण नोकरी करून निवृत्त झाला.

यात डॉक्टर बिनकामाचे ठरले, असं कुणी समजू नका. औषधानं त्याला झोप दिली, आणि त्या झोपेशिवाय तो बोलण्याच्या अवस्थेतच नव्हता. पण काय बिघडलंय, हे सांगायला त्याची भाषा आणि त्याचा देव जाणणारा माणूस लागला. भारतीय फौजेत अधिकारी आपल्या जवानांची भाषा शिकतो, त्यांच्या सणाला त्यांच्यात बसतो. बिहार रेजिमेंटच्या युद्धघोषात 'बिरसा मुंडा की जय' आहे. १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत हौतात्म्य पत्करून परमवीर चक्र मिळवणारे लान्स नायक अल्बर्ट एक्का याच छोटा नागपूरच्या मातीतले. ज्या माणसाकडून आपण प्राण मागतो, त्याच्या मनाची भाषा समजून घेणं ही मेहेरबानी नाही, कामाची गरज आहे.

अमृतसरचे तंबू, आरोची खेडी

देश स्वतंत्र व्हायच्या सुमारास स्थिती काय होती? १९४६ च्या भोर समितीच्या वेळी सगळ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे १० हजार खाटा होत्या. म्हणजे साधारण ४० हजार माणसांमागे एक. पैसा नव्हता, डॉक्टर नव्हते. अशा वेळी दोन माणसांनी, एकानं अमृतसरला आणि दुसऱ्यानं आफ्रिकेत, जवळजवळ सारखंच काहीतरी केलं.

अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्या सागर अधीक्षक होते. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, वॉर्ड भरलेले होते. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांना राहायला बोलावलं. आईनं पोराला आपल्या हातानं जेवू घालायचं, बायकोनं नवऱ्याची औषधं समजून घ्यायची. संध्याकाळी डॉक्टर सगळ्यांना जमवून बोलायचे, लोकांच्या ओळखीच्या गोष्टी आणि दाखले देत. माणसं लवकर बरी व्हायला लागली, आणि घरी गेल्यावर घरच्यांना त्यांची भीती वाटेना. भारतीय मनोविकारशास्त्रात कुटुंबाला उपचारात घेण्याची परंपरा या तंबूंतून निघाली.

त्याच सुमारास, १९५४ मध्ये, नायजेरियातल्या आबेओकुटा इथे डॉ. थॉमस अडेओये लाम्बो यांनी आरो रुग्णालयाजवळच्या खेड्यांत रुग्ण ठेवायला सुरुवात केली. नातेवाईक बरोबर. रुग्ण दिवसा रुग्णालयात उपचार घेई आणि संध्याकाळी गावात राही. शिवाय लाम्बोंनी योरुबा समाजाच्या पारंपरिक वैदूंना बरोबर घेतलं. हे लाम्बो इंग्लंडमध्ये शिकलेले पहिल्या दर्जाचे मनोविकारतज्ज्ञ, पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले. वैदूंना बोलावलं ते विज्ञान सोडून नव्हे. रुग्णाला कशाची लाज वाटते आणि कशाची भीती, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

नंतर १९८० च्या दशकात न्यूझीलंडचे माओरी डॉक्टर मेसन ड्यूरी यांनी आरोग्याची तुलना चार भिंतींच्या घराशी केली. शरीर, मन, कुटुंब आणि आत्मा. एक भिंत खचली तर घर कलतं. आज तिकडच्या आरोग्यव्यवस्थेत हे शिकवलं जातं. आपल्या खेड्यातल्या कुठल्याही आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, 'बाळा, यात नवं काय?' नवं एवढंच, की तिथल्या सरकारनं ते ऐकून घेतलं.

देवीचा दवाखाना

आता गडचिरोली. हेमलकशाला १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. त्यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. अंगभर कपड्यांतला बाहेरचा माणूस दिसला की माडिया घाबरतात, म्हणून प्रकाशभाऊंनी बनियन आणि अर्धी चड्डी हाच वेश ठेवला. मराठी माणसाला हे सगळं ठाऊक आहे. आपण त्याकडे त्याग म्हणून बघतो. मला त्यात उपचाराची पहिली पायरी दिसते, कारण घाबरलेला माणूस दुखणं सांगत नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था १९८६ मध्ये गडचिरोलीत आली. आदिवासी सरकारी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मिळालेली उत्तरं डॉ. बंग यांनी पुढे अनेक ठिकाणी सांगितली आहेत. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. तिथली भाषा कळत नाही. पेशंट आत आणि घरचे बाहेर, भेटायला ठरलेली वेळ. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढरं कापड आम्ही प्रेतावर घालतो. शिवाय तुमच्या दवाखान्यात देव नाही.

इंजिनिअरला किंवा हिशेबनिसाला ही कारणं पोरकट वाटतील. पण बंग दांपत्यानं ती नकाशासारखी वापरली. शोधग्राममध्ये १९९३ मध्ये दवाखाना उभा राहिला तो गोंड गावासारखा. मोठ्या वॉर्डाऐवजी झोपड्यांसारखी छोटी घरं, नातेवाइकांना बरोबर राहण्याची सोय, आणि दारातच गोंडांची देवी. दवाखान्याचं नावही तिचंच, माँ दंतेश्वरी दवाखाना. देवीच्या जत्रेला गावोगावचे लोक येतात आणि आपल्या आरोग्याचे प्रश्न तिथेच बसून बोलतात. दवाखाना गावकऱ्यांच्या अंगणात आला म्हणतात तो असा.

याच जिल्ह्यात दारूचा प्रश्न बघा, कारण व्यसन आणि मन वेगळं काढता येत नाही. लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव चालतो. पण गोंडांच्या पूजेत मोहाची दारू देवाला लागते. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत ती आहे. देवापुढे शिंपडलेली मोहाची धार आणि आठवडाभर शुद्धीवर नसलेला बाप, या दोन गोष्टींना एकाच मापानं मोजणारा बाहेरचा माणूस गावात टिकत नाही. तो फरक करायला गावातलीच माणसं लागतात, आणि बायकांनी तो फार नेमका केला आहे.

आदर म्हणजे मोकळीक नव्हे

इथे एक धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. 'त्यांची संस्कृती आहे' असं म्हणून हात झटकणंही सोपं असतं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात गेले. त्यांना पळताच आलं नाही. झारखंडमध्ये आणि आपल्या नंदुरबारमध्ये बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते, जीवही जातात. बऱ्याचदा अशा बाईची जमीन कुणाच्या तरी डोळ्यांत असते, किंवा ती एकटी, विचित्र वागणारी, म्हणजे स्वतःच आजारी असते. बिहारनं १९९९ मध्ये याविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. हे कायदे हवेतच, आणि कडक हवेत.

मग रेघ कुठे मारायची? फौजी भाषेत सांगतो. माणसाला जवळ आणणारी, बोलतं करणारी, त्याचं दुःख वाटून घेणारी रीत आपल्या बाजूची आहे. बांधणारी, मारणारी, उपाशी ठेवणारी किंवा औषध बंद करायला लावणारी रीत थांबवायची. ही रेघ मारता येते, याचा पुरावा गुजरातमध्ये आहे. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे २००८ पासून 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम चालला. दर्ग्याचे मुजावरच आलेल्या माणसाला दुआ देतात आणि तिथल्याच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. हा आदिवासींसाठीचा उपक्रम नव्हे, पण रीत तीच. लोक ज्या दारात आधीच येतात, त्या दारातच डॉक्टर बसवायचा.

कायदा पुढे गेला

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, आणि २०१७ मध्ये संसदेनं मानसिक आरोग्य सेवा कायदा केला. या कायद्यानं प्रथमच उपचार हा हक्क ठरवला. धर्म, जात, वर्ग यांच्याबरोबर संस्कृतीवरूनही भेदभाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. रुग्णाला साखळीनं बांधणं बेकायदा ठरलं. समाजात आणि कुटुंबात राहून उपचार मिळावेत, हेही आलं. डॉ. विद्या सागरांचे तंबू साठेक वर्षांनी कायद्यात पोहोचले म्हणा.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं आदिवासी आरोग्याचा अहवाल केंद्र सरकारला दिला. आदिवासींच्या आरोग्याचे दहा खास प्रश्न त्यात मांडले आहेत. मलेरिया, कुपोषण, सिकलसेल यांच्या रांगेत व्यसन आणि मानसिक आरोग्य हाही प्रश्न आहे. आदिवासींचं मन सरकारी यादीत एवढ्या ठळकपणे आलं, याचं महत्त्व मला मोठं वाटतं. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला थेट दिल्लीला घेऊन येते. देशातले निम्म्याहून अधिक आदिवासी आता आदिवासीबहुल अशा ८०९ विकासगटांच्या बाहेर राहतात.

दिल्लीत आदिवासी नाहीत?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अनुसूचित जमातींची संख्या १० कोटी ४३ लाख आहे. याच जनगणनेत दिल्ली आणि हरियाणा यांच्यापुढे आकडा आहे शून्य. कारण या दोन ठिकाणांसाठी अनुसूचित जमातींची यादीच नाही. यादी नाही, म्हणून गणती नाही. पण सकाळी सात वाजता नोएडा किंवा गुरुग्रामच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकावर उभे राहा. गुमला, सिमडेगा, खुंटी, सुंदरगढ इथून आलेल्या मुली आणि बायका आत शिरताना दिसतील. सरहुलला यांच्यातल्या काही जणी आणि इथले आदिवासी विद्यार्थी एकत्र येऊन नाचतात. सणाला दिसतात आणि कागदावर नसतात.

आमच्या ओळखीच्या एका घरी सिमडेगाकडची एक मुलगी चोवीस तास कामाला होती. हळूहळू ती गप्प झाली. पोट दुखतं म्हणायची, कामात चुकायची. एजन्सीवाला म्हणाला, बदलून देतो. घरच्या बाईंनी ते न ऐकता तिला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. पोटाच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग मनाचे प्रश्न, हिंदीतून, भराभर. झोप येते? हो. उदास वाटतं? हो. भूक लागते? हो. प्रत्येक प्रश्नाला हो. मोठ्या माणसापुढे नाही म्हणायचं नसतं, हे मी माझ्या नव्या रंगरूटांतही पाहिलं होतं. शेवटी शेजारच्या इमारतीत काम करणारी, तिच्याच भागातली, सादरी बोलणारी एक वयस्क बाई तासभर तिच्याजवळ बसली. गावी धाकटी बहीण वारली होती. एजन्सीवाल्यानं फोन ठेवून घेतला होता, त्यामुळे हे तिला तीन महिन्यांनी कळलं. रडायलाही कुणी आपलं माणूस नव्हतं. पुढे तिला घरी जाता आलं आणि औषधंही मिळाली. पण पोटदुखीचा अर्थ तपासणीत सापडणारा नव्हता.

यात हसण्यासारखं किंवा मागासलेलं काही नाही. आपली मराठी काय करते? दुःख झालं की आपलं काळीज तुटतं, भीतीनं पोटात गोळा येतो, आणि मन उदास असलं की आजी म्हणते, 'जिवाला गोड लागत नाही गं.' हे वाक्य मराठी न येणाऱ्या डॉक्टरपुढे शब्दशः ठेवा, तो बिचारा रक्तातली साखर तपासायला सांगेल. दिल्लीत, हैदराबादेत, सुरतेत राहणाऱ्या आपल्या मराठी म्हाताऱ्यांची ही अडचण आपल्याला चटकन कळते. मग मुंडारी, कुडुख, गोंडी बोलणाऱ्याची का कळू नये? २०११ मध्ये गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, कोकणी बोलणाऱ्यांपेक्षा जास्त. कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, गोंडी नाही. कुडुख आणि मुंडारीही नाहीत. ज्या भाषेला सरकारी कागदावर जागा नाही, तिच्यातलं रडणं दवाखान्याच्या केसपेपरवर कसं उतरणार?

देशातल्या मोठ्या पाहणीत, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, असं दिसलं की आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. हे सगळ्या समाजाचं चित्र आहे. जिथे भाषा परकी, घर हजार किलोमीटर लांब आणि यादीत नावही नाही, तिथे काय असेल याचा अंदाज प्रत्येकानं करावा.

उपाय शोधायला लांब जावं लागत नाही. आजच्या फेरीत जे जे जमलं, ते एकाच रीतीनं जमलं. विद्या सागरांनी नातेवाईक आत घेतले. लाम्बोंनी वैदू आत घेतले. गडचिरोलीत लोकांना आधी विचारलं आणि मग बांधलं. दिल्ली परिसरातल्या रुग्णालयांत सादरी, कुडुख, मुंडारी बोलणारे दुभाषी ठेवायला नवा कायदा लागत नाही. ती भाषा बोलणाऱ्या नर्स आणि विद्यार्थी याच शहरात आहेत. रुग्णाबरोबर त्याच्या गावचा माणूस बसू द्यायला तर पैसाही लागत नाही. आणि दिल्ली-हरियाणात राहणाऱ्या स्थलांतरित आदिवासींची निदान आरोग्यापुरती वेगळी नोंद ठेवणं, हे सरकारला एका परिपत्रकानं करता येईल.

आपल्या हातात काय आहे? ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक देशभर चालू आहे. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. आपल्यासाठी आणि शेजाऱ्यासाठी लक्षात ठेवा. तुमच्या घरी किंवा साइटवर कुणी आदिवासी माणूस काम करत असेल, तर त्याचं गाव कोणतं, भाषा कोणती, घरी फोन होतो का, एवढं विचारा. गावी कुणी वारलं आणि तो सुट्टी मागत असेल, तर दिवस मोजत बसू नका. विधी पुरा होऊ द्या. आमच्या सीओ साहेबांनी दिलेले ते पंधरा दिवस युनिटला महाग पडले नाहीत. एक चांगला जवान आम्हाला परत मिळाला.

पुढच्या भागात पुन्हा इतिहासाच्या एका वेगळ्या वाटेनं जाऊ. तोवर आपली आणि आपल्या माणसांची काळजी घ्या. जय हिंद.